सल्ला ताजा ठेवणारी माणसं

(वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यान, शब्दांकित)



पहाटेचे चार वाजलेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात एका नऊ-दहा वर्षांच्या मुलीला आणलंय. पोटात कळा येताहेत, दोनदा उलटी झाली, घसा दुखतोय म्हणते. ताप नाही, अंगावर जखम नाही. ड्यूटीवरचे डॉक्टर नुकतेच एमबीबीएस होऊन बाँडवर आलेले. अपेंडिक्स असेल? जंत? की रात्रीचं जेवण बाधलं? तिथे बरीच वर्षं काढलेल्या एखाद्या सिस्टर असतील, तर त्या आधी एकच विचारतील, ‘पोर रात्री जमिनीवर झोपली होती का?’ मण्यार चावल्याचं झोपेत अनेकदा कळतही नाही. जागा सुजत नाही, दातांची खूण बहुधा सापडत नाही. सुरुवात पोटदुखीनं होऊ शकते. मग काही तासांत पापण्या जड होतात, आवाज बदलतो आणि श्वास अडतो.

त्या रात्री त्या सिस्टर रजेवर असतील तर हा प्रश्न विचारणार कोण? आजचा विषय एवढाच आहे. डॉक्टर, नर्स, उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी यांच्या हातातल्या मोबाइलवर किंवा टेबलावरच्या संगणकावर, रुग्ण समोर असताना, योग्य प्रश्न आणि योग्य सल्ला पोचवणारी सेवा. निर्णय त्यांचाच, सेवा फक्त मदत करते. अशी सेवा उभी करण्याबद्दल सगळे बोलतात. ती रोज चालवायची कशी आणि सुधारत न्यायची कशी, याबद्दल मी बोलणार आहे, कारण माझ्या मते रुग्णाचं भलं किंवा नुकसान तिथे ठरतं.

कल्पना नवी नाही. इंग्लंडमधल्या लीड्सला डी डोंबल नावाचे सर्जन होते. पोटदुखीनं अचानक दाखल होणाऱ्या रुग्णांचं निदान संगणकाच्या मदतीनं करता येईल का, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं. डॉक्टरांनी ठरावीक फॉर्मवर लक्षणं भरायची: दुखणं कुठे सुरू झालं, कुठे सरकलं, हालचालीनं वाढतं का, पोट कडक आहे का. मग यंत्र संभाव्यतेच्या गणितानं सात निदानांपैकी कोणतं जास्त शक्य आहे ते सांगणार. अपेंडिक्स, फुटलेला अल्सर, पित्ताशयाची सूज, आतड्याचा अडथळा वगैरे. १९७२ साली त्यांनी ३०४ रुग्णांचे निष्कर्ष छापले. संगणक ९१.८ टक्के वेळा बरोबर ठरला, सर्वांत अनुभवी डॉक्टर ७९.६ टक्के वेळा.

हा आकडा फार गाजला. पण मला त्याहून मोलाचा वाटतो तो दोन वर्षांनी आलेला त्यांचा दुसरा अहवाल. प्रयोग चालू असताना डॉक्टरांचं स्वतःचं निदानही सुधारलं होतं. ऑपरेशनपूर्वीच फुटलेल्या अपेंडिक्सचं प्रमाण ३६ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आलं. विनाकारण पोट उघडण्याच्या शस्त्रक्रिया कमी झाल्या. आणि ऑगस्ट १९७२ मध्ये प्रयोग बंद झाल्यावर आकडे पुन्हा जुन्या पातळीकडे वळले.

वॉर्ड तोच होता, पुस्तकंही तीच होती. गेलं काय? फॉर्म नीट भरण्याची शिस्त गेली आणि आपलं निदान बरोबर होतं की चूक, हे कुणीतरी परत येऊन सांगणं थांबलं. पुढे १९८६ साली आठ रुग्णालयांतल्या १६,७३७ रुग्णांचा अहवाल आला. पहिल्या तपासणीतलं अचूक निदान ४५.६ टक्क्यांवरून ६५.३ टक्क्यांवर गेलं होतं. तिथेही फॉर्म, संगणक आणि डॉक्टरांना नियमित मिळणारा त्यांच्या कामाचा हिशेब, हे तिन्ही एकत्र होतं. माझ्या वाचनाप्रमाणे यंत्राइतकंच, कदाचित त्याहून जास्त, काम त्या हिशेबानं केलं.

आता ते लीड्सचं यंत्र पहाटे चार वाजता आपल्या त्या मुलीसमोर ठेवा. त्याच्या सात निदानांत मण्यार नाही. असायचं कारणही नाही. लीड्समध्ये मण्यार नसते. ते यंत्र मुलीला त्या सातांपैकी एका खणात बसवील, टक्केवारीसकट. म्हणजे सल्ल्याला गाव असतं. बाहेरून तयार आणलेली प्रणाली इथल्या सापांसाठी, इथल्या तापांसाठी आणि इथल्या औषधांच्या कपाटासाठी पुन्हा लिहावी लागते, आणि ती लिहायला त्या सिस्टरना टेबलाशी बसवावं लागतं.

सल्ल्याला तारीखही असते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्याला परिचित आहेत. कोकणातल्या तांबड्या विंचवाच्या दंशानं मुलं हृदय निकामी होऊन दगावत. रक्तदाबावरचं प्राझोसिन हे साधं, स्वस्त औषध तिथे उपयोगी पडतं, हे त्यांनी १९८०च्या दशकात दाखवलं आणि मृत्यू झपाट्यानं कमी झाले. २०११ मध्ये त्यांचाच अभ्यास आला की प्राझोसिनसोबत विंचवाची प्रतिविषलस दिली तर रुग्ण आणखी लवकर सावरतो. म्हणजे विंचूदंशाचं पान तीस वर्षांत किमान दोनदा नव्यानं लिहायला हवं होतं. ते लिहिण्याची जबाबदारी कुणावर होती?

ब्रिटनमध्ये विषबाधेच्या उपचारांसाठी ‘टॉक्सबेस’ ही सेवा आहे. १९८०च्या दशकात एडिनबरामध्ये सुरू झाली, १९९९ पासून इंटरनेटवर आहे. कुठल्याही इमर्जन्सी विभागातला डॉक्टर विषाचं नाव टाकतो आणि उपचाराचं पान उघडतो. सप्टेंबर २०१२ मध्ये तिथे पॅरासिटॅमॉलच्या विषबाधेचा नियम बदलला. आधी रुग्ण जोखमीचा आहे की नाही यावरून उताऱ्यासाठी आलेखावर दोन वेगळ्या रेषा होत्या. आता सर्वांसाठी एकच, चार तासांनी रक्तात लिटरमागे १०० मिलिग्रॅम. सलाइनमधून उतारा देण्याची पहिली बाटली पंधरा मिनिटांऐवजी एका तासात द्यायची, असंही ठरलं. छापील तक्ता भिंतीवर वर्षानुवर्षं तसाच राहतो. ऑनलाइन सेवेचा खरा फायदा हा की एका जागी पान बदललं की सगळीकडे बदलतं. पण ते बदलणारा विषतज्ज्ञ पगारावर असावा लागतो, आणि पान वाचूनही शंका राहिली तर तज्ज्ञाशी बोलायला फोन असावा लागतो. तिथे दोन्ही आहेत, म्हणून ती सेवा टिकली. आपण पंचांग दर वर्षी नवं विकत घेतो. गेल्या वर्षीचं बघून कुणी मुहूर्त धरत नाही. उपचाराच्या पानावर मात्र तारीखच नसली तरी आपल्याला चालते, हे मला अजिबात पटत नाही.

आता इशाऱ्यांविषयी. औषध लिहिताना पडद्यावर लाल चौकट येते, ‘ही दोन औषधं एकत्र देताना काळजी घ्या’. २००६ साली अशा इशाऱ्यांवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. त्यात डॉक्टर ४९ ते ९६ टक्के सुरक्षा-इशारे बाजूला सारतात असं दिसलं. यात डॉक्टरांचा निष्काळजीपणा शोधणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं आहे. दिवसभर निरर्थक चौकटी बंद करणारा हात महत्त्वाची चौकटही बंद करतो. अमेरिकेत सेप्सिसचा, म्हणजे जंतुसंसर्गानं अवयव निकामी होऊ लागण्याचा, अंदाज सांगणारी एक प्रणाली शेकडो रुग्णालयांत वापरात होती. २०२१ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयातल्या नोंदींवर ती स्वतंत्रपणे तपासली, तेव्हा दाखल रुग्णांपैकी १८ टक्क्यांवर तिनं इशारा दिला होता, आणि तरीही सेप्सिस झालेल्यांपैकी ६७ टक्के तिच्या नजरेतून सुटले होते. ही तपासणी वापर सुरू होण्याआधी व्हायला हवी होती. नवा इशारा आधी काही आठवडे पडद्यामागे चालवावा, कुणाला न दाखवता. तो कधी वाजला असता आणि त्या रुग्णाचं पुढे काय झालं, हे केसपेपरशी ताडून बघावं. मगच तो डॉक्टरांसमोर आणावा. आणि जो इशारा महिनोन्‌महिने सगळेच नाकारतात, तो काढून टाकायचं धाडस सेवा चालवणाऱ्यांनी दाखवावं. इशारा वाढवायला कुणी हरकत घेत नाही. काढायला मात्र सही लागते, आणि सही करायला कुणी पुढे येत नाही.

सुधारणा म्हणजे प्रत्यक्षात काय, ते सर्पदंशाच्या एका पडद्यावर दाखवतो. घोणस किंवा फुरसं चावल्यावर रक्त गोठत नाही. ते ओळखायची तपासणी साधी आहे. दोन मिलिलिटर ताजं रक्त काचेच्या परीक्षानळीत घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, मग नळी तिरकी करायची. रक्त पातळच राहिलं तर विषाचा परिणाम आहे आणि एएसव्ही, म्हणजे सर्पविषावरची प्रतिविषलस, द्यायची. अ‍ॅपवर ही ओळ लिहिली की काम झालं, असं वाटतं. पण नळी प्लास्टिकची असेल किंवा साबणानं धुतलेली काचेची असेल, तर उत्तर चुकतं. म्हणून पडद्यावर आधी विचारलं पाहिजे, ‘नळी काचेची, नवी, कोरडी आहे का?’ मग वीस मिनिटांचं घड्याळ तिथेच सुरू व्हावं, कारण सर्पदंशाच्या धावपळीत वेळ कुणाच्या लक्षात राहत नाही. पुढच्या पडद्यावर ठळक अक्षरांत हवं की मुलांनाही मोठ्यांइतकाच डोस, कारण सापानं विष वजन बघून सोडलेलं नसतं. अ‍ॅड्रेनालिन भरून हाताशी ठेवा. आणि शेवटी, ‘तुमच्याकडे आत्ता किती व्हायल आहेत?’ पहिल्या डोसला आठ-दहा लागतात. कपाटात तीनच असतील तर जवळच्या कुठल्या रुग्णालयात साठा आहे, हे तिथेच दिसायला हवं. रुग्णाला कुठे रेफर करायचं हे गुगलवर शोधत बसायची ती वेळ नव्हे.

यातला एकही मुद्दा संगणकतज्ज्ञाला सुचणारा नाही. ते परिचारिका, लॅब टेक्निशियन आणि औषधनिर्माता यांच्याकडून येतात. म्हणून दर महिन्याला वापरणाऱ्यांशी बसावं. कुठे अडलं, काय शोधलं आणि सापडलं नाही, कोणता सल्ला मानला नाही आणि का, हे विचारावं. नाकारलेल्या सल्ल्याचं कारण म्हणजे सेवेला फुकट मिळालेलं शिक्षण असतं. ते वाचायला माणूस नेमा.

आपल्याकडे चांगलं उदाहरण आहे. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम पहिल्या टप्प्यात ज्या पाच राज्यांत सुरू झाला, त्यांत महाराष्ट्र होता. भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा हे आपले सुरुवातीचे जिल्हे. त्यात वापरलेलं ‘सिंपल’ हे अ‍ॅप मुद्दाम लहान ठेवलंय. रक्तदाब आणि औषधं, एवढीच मुख्य नोंद. रुग्णाचं कार्ड स्कॅन केलं की मिनिटाच्या आत काम संपतं. रेंज नसली तरी चालतं. आणि तारीख उलटूनही न आलेल्यांची यादी दाखवतं, म्हणजे सिस्टर फोन करू शकतात. रक्तदाब वाढला तर कोणतं औषध कितीनं वाढवायचं, हे राज्याच्या एका साध्या पायरीवार तक्त्यात ठरलेलं असतं. औषधं आधीच ठरलेली असली की त्यांचा साठाही करून ठेवता येतो. सल्ला आणि साठा यांची सांगड इथे घातली गेली, हे मला महत्त्वाचं वाटतं.

याउलट हरियाणा आणि कर्नाटकातल्या ४० सामुदायिक आरोग्य केंद्रांत ‘एमवेलकेअर’ नावाची निर्णय-साहाय्य प्रणाली मोठ्या काळजीनं तपासली गेली. निकाल २०१९ मध्ये आला. ज्या केंद्रांना प्रणाली दिली त्यांचे रुग्ण सुधारले. पण जिथे फक्त प्रशिक्षण आणि उपचारांचे तक्ते दिले होते, तिथलेही जवळजवळ तितकेच सुधारले. रक्तदाबात आणि साखरेत दोन गटांमध्ये फरक दिसला नाही. संशोधकांनी हे प्रामाणिकपणे छापलं, त्यांचे आभारच मानायला हवेत. यातून मी शिकतो ते असं की सेवेचं यश किती जणांनी लॉगिन केलं यावर मोजू नये. रुग्णाचं काय झालं, आणि ही सेवा नसती तर काय झालं असतं, हे मोजावं.

आता ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेमुळे उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी दूरच्या डॉक्टरांशी बोलतो, आणि लक्षणं विचारण्यासाठी त्यातही निर्णय-साहाय्य आलंय. त्यापाठोपाठ कृत्रिम बुद्धिमत्ता येतेय. ती अतिशय अस्खलित बोलते, आणि अस्खलित वाक्य खरंच वाटतं. तिच्याकडून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक उत्तराखाली ते कुठल्या मार्गदर्शिकेतून आलं आणि कोणत्या तारखेचं, हे दिसावं. जे माहीत नाही तिथे तिनं थांबावं आणि फोन नंबर द्यावा.

शेवटी पैशाचं. आपल्याकडे अ‍ॅप टेंडरमधून घेतलं जातं, उद्घाटन होतं, आणि तीन वर्षांनी करार संपल्यावर पानं तशीच राहतात. प्रशिक्षण घेतलेल्यांची बदली होते, नव्यांना पासवर्डही मिळत नाही. इथे जिल्हा परिषदेचे सदस्य बसलेत, वैद्यकीय महाविद्यालयांतले प्राध्यापक आहेत, म्हणून थेट सांगतो. पुढच्या अंदाजपत्रकात सॉफ्टवेअरच्या ओळीखाली आणखी एक ओळ घाला. मजकूर तपासणारे एक डॉक्टर, वापरणाऱ्यांचं ऐकणाऱ्या एक अनुभवी परिचारिका, नोंदी वाचणारा एक विश्लेषक आणि चोवीस तास उचलला जाणारा एक फोन. ही पदं कायमची असावीत. ती मंजूर होणार नसतील, तर अ‍ॅप घेऊ नका.