कोठीच्या किल्ल्या

आज 3 मे. 2006 साली याच तारखेला भाजपचे नेते प्रमोद महाजन मुंबईत वारले. त्यांची भाषणं, त्यांची मंत्रिपदं, तो दुर्दैवी शेवट, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. ज्या आकाशवाणीवरून मी बोलतो आहे, तिचं खातंही काही काळ त्यांच्याकडे होतं. ते बाजूला ठेवू या. मिनिटं थोडी आहेत आणि मला निवडणुकीची आखणी करणाऱ्या महाजनांबद्दलच बोलायचं आहे. मी त्यांच्या पक्षाचा नाही, हे आधीच सांगून टाकतो.

लग्नघर घ्या. वरात सगळ्यांना दिसते. घोडा, बँड, फेटे. पण लग्न पार पडतं ते कोठीच्या किल्ल्या ज्याच्या कमरेला असतात त्याच्यामुळे. तेलाचे डबे किती उरले, कुठल्या गावची किती माणसं एसटीनं येणार, कुठल्या आत्याबाईंचा मान राहिला तर त्या मांडव सोडून जातील, हे त्याला तोंडपाठ असतं. फोटोत मात्र तो नसतो. महाजन हे मुळात कोठीतले माणूस. लोकांच्या डोळ्यांत भरली ती त्यांची वरात. मोबाइल, लॅपटॉप, हेलिकॉप्टर. आणि आजची मुलं त्यांच्याकडून उचलतात तीही वरातच. माझं दुखणं हे आहे.

अंबाजोगाईत इंग्रजी शिकवणारा हा मास्तर. आणीबाणीत तुरुंग झाला, मग पक्षाचं काम, तेही पक्षाचे संघटक वसंतराव भागवतांच्या तालमीत. भाजपला तेव्हा शेटजी-भटजींचा पक्ष म्हणत. माळी, धनगर, वंजारी समाजांतली माणसं पुढे आणायची, हे भागवतांचं गणित. फरांदे, डांगे, मुंडे ही नावं त्यातून वर आली. म्हणजे काय केलं? तर आमंत्रणाची यादीच बदलली. ज्या आळीत अक्षत जात नव्हती तिथे अक्षत गेली. हे काम कॅमेऱ्यापुढे होत नाही. त्याला वर्षं लागतात, आणि महाजन घडले ते या कामात.

पुढे 1989 मध्ये शिवसेनेशी सोयरीक झाली. व्याही साक्षात बाळासाहेब! रुसवेफुगवे किती झाले असतील याची कल्पना करा. जागावाटपात प्रत्येक मतदारसंघ म्हणजे एकेक मानपान. 1990 च्या विधानसभेत दोघांचे मिळून 94 आमदार आले, 1995 मध्ये 138. बहुमताला 145 लागत होते, ते अपक्षांना जोडून जमवले आणि मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले. ही सोयरीक टिकवण्यात महाजनांचा वाटा किती होता, हे दोन्ही घरच्यांना माहीत आहे.

आता अयोध्येसाठीची 1990 ची रथयात्रा. अडवाणींच्या मनात पदयात्रा होती. पायी किती मुलूख होणार, असं म्हणून महाजनांनी मोटारीचा रथ सुचवला, हे अडवाणींनी स्वतः लिहून ठेवलं आहे. सोमनाथहून निघालेला तो रथ बिहारात समस्तीपूरला अडवला गेला. भाजपचे खासदार 85 होते, ते 1991 मध्ये 120 झाले. त्या वाटेवर दंगलीही झाल्या, माणसं मेली. श्रद्धांजली वाहताना हे गाळलं तर ती श्रद्धांजली राहत नाही. वरात कुठल्या गल्लीतून नेली म्हणजे काय पेटेल, हा हिशेबही किल्ल्या सांभाळणाऱ्यानंच करायचा असतो. यावर वेगळं भाषण होईल, आज नाही.

मला पोहोचायचं आहे 2004 च्या लोकसभा निवडणुकीला. लोक म्हणतात, ‘इंडिया शायनिंग’नं घात केला. ती मुळात सरकारी जाहिरात होती, पण ते असो. डिसेंबर 2003 मध्ये भाजपनं राजस्थान, मध्य प्रदेश, छत्तीसगड जिंकलं होतं. राजस्थानचे प्रभारी महाजनच. मग लोकसभेची निवडणूक मुदतीआधी घेतली, आणि प्रचाराची आखणी महाजनांकडे. घरोघरी फोन वाजायचे आणि पलीकडून पंतप्रधान वाजपेयींचा ध्वनिमुद्रित आवाज यायचा. वरात अशी की पाहत राहावं! आणि निकाल? भाजपचे खासदार 182 चे 138.

पण मी म्हणतो, वरात चुकली नव्हती, कोठी चुकली होती. बघा, द्रमुक डिसेंबर 2003 मध्येच भाजपची आघाडी सोडून गेला. त्याच्या जागी अण्णाद्रमुक आणला, आणि तमिळनाडूच्या 39 पैकी एकही जागा या बाजूला आली नाही. आंध्रात मित्रपक्षाच्या, चंद्राबाबूंच्या, 29 जागांच्या 5 झाल्या. सोयरिका सांभाळण्यात ज्याचा हात धरणारा कोणी नव्हता, त्याच्याच घरात मानपान चुकला. आणि खेड्यातली शेवटची पंगत, 2002 च्या दुष्काळातून नुकती उठलेली, तिच्या पानात काय पडलं हे कोणी जाऊन विचारलं का? ध्वनिमुद्रित आवाज बोलतो, त्याला ऐकू येत नाही. पराभवाची जबाबदारी मात्र महाजनांनी अंगाबाहेर टाकली नाही. हा मोठेपणा मी मानतो.

कोठीतला शिधा कुठून येत होता, हाही प्रश्न आहे. उद्योगपतींशी असलेल्या त्यांच्या जवळिकीवर टीका झाली, तीही रास्त... पण तिकडे वळलो तर मुख्य मुद्दा राहील, म्हणून पुन्हा सांगतो. वरात नव्हे, कोठी!

निवडणूक व्यवस्थापन करणाऱ्या तरुण मित्रांनो, रागावू नका, पण तुमच्यातल्या किती जणांनी एका तरी गावची मतदारयादी ओळीनं वाचली आहे? मोबाइलवरच्या चित्रफिती तुम्ही छान करता. सर्वेक्षणाचे रंगीत तक्तेही छान असतात. पण मित्रपक्षाचा तालुकाध्यक्ष का रुसला, हे तक्त्यात येत नाही. त्यासाठी त्याच्या ओसरीवर बसावं लागतं, त्याचा चहा घ्यावा लागतो, आणि मुख्य म्हणजे गप्प बसावं लागतं. महाजनांचं नाव घेता ना? मग त्यांच्या विजयांबरोबर 2004 चा पराभवही अभ्यासाला घ्या, राज्यवार, जागावार घ्या. अशा माणसाचा आदर करायचा तो असा.

मुंडे-महाजन जोडीबद्दल बोलायचं होतं, ते राहिलंच. काचेपलीकडून हात वर झाला आहे. थांबतो. नमस्कार.