गळा कुणाचा?

(माजलगाव येथे महिला गटांच्या शिबिरात केलेले भाषण)



१९८१ साली ‘ज्योती’ नावाचा हिंदी सिनेमा आला. त्यात बप्पी लाहिरींच्या चालीवर लता मंगेशकरांनी ‘थोडा रेशम लगता है’ हे गाणं म्हटलं होतं. सिनेमा गेला, गाणंही मागं पडलं. २००२ साली अमेरिकेत ट्रुथ हर्ट्स या गायिकेच्या ‘ॲडिक्टिव्ह’ गाण्यात लताबाईंचा तोच आवाज पुन्हा पुन्हा वाजवला. तिकडच्या लोकांना शब्द कळत नव्हते, म्हणून आमच्या बाईचा आवाज तिथं एखाद्या वाद्यासारखा झाला. त्याच वर्षी इकडं दुसऱ्या गायिकेच्या आवाजात ‘कलियों का चमन’ हे रिमिक्स निघालं. ठेका जड, चित्रीकरण भडक. व्हिडिओवर आपण टीका केली, ती रास्तच होती. पण खोटं कशाला बोलू, ठेक्यावर माझाही पाय हलायचा. वीस वर्षं पडून राहिलेलं गाणं पोरींच्या तोंडी आलं.

अमेरिकेतल्या त्या गाण्यावर बप्पींचं नाव नव्हतं. ते कोर्टात गेले. २००३ साली कोर्टानं सांगितलं, श्रेय दिल्याशिवाय विक्री करायची नाही. हा दावा संगीतकाराचा. आवाज जिचा, तिचं काय? आपल्या १९५७ च्या कायद्यात गाणाऱ्याला स्वतंत्र हक्कच नव्हता. तो १९९४ साली आला आणि रॉयल्टीतला वाटा थेट २०१२ च्या दुरुस्तीनं.

आता सिनेमा सोडून जात्यावर येऊ, कारण जुन्या चालीत नवं गाणं भरणं आपल्या बायांना नवं नाही. याच माजलगावात १९९६ साली हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या गटानं भीमनगरातल्या बायांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. गळा आजीचाच, जात्याची घरघर तीच. पण जिथं राम-सीता यायचे तिथं भीमराव आले. दळणाचं गाणं माणूसपणाचं गाणं झालं. आणि त्या गटानं ओवीबरोबर बाईचं नाव आणि गावही लिहून ठेवलं. अशा लाखाहून जास्त ओव्या जमल्या.

आपण काय करतो? मोर्च्यासाठी त्याच चालींवर गाणी बसवतो आणि पुस्तिकेत खाली ‘पारंपरिक’ छापून मोकळ्या होतो.

दुपारी एक वही फिरेल. गाणं कुणाकडून ऐकलं, तिचं नाव, तिचं गाव लिहा; तिला विचारून मग छापू. ऊसतोडीला गेलेल्या बाया परतल्या की त्यांच्याकडंही वही न्यायची आहे. कोण कोणत्या गावाला जाणार, ते चहाआधी ठरवू.