घर सोडावं लागतं, गाणं सोबत येतं



सरोजिनी नगर म्हटलं की दिल्लीबाहेरच्या लोकांना स्वस्त कपड्यांचा बाजार आठवतो. आम्हा दिल्लीकरांना सरकारी क्वार्टर्सही आठवतात. पूर्वी या वसाहतीचं नाव विनय नगर होतं. क्वार्टरचा नियम साधा: नोकरी संपली की घर रिकामं करायचं. आता तर जुन्या इमारतीच पाडून नव्या बांधल्या जात आहेत. मग इथल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबानं मुलांच्या हाती काय ठेवायचं? गावचं चर्च दूर, आणि रविवारची उपासना बहुधा हिंदीत किंवा इंग्रजीत.

उत्तर शोधताना मला टिळकांचं घर आठवतं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तेव्हा घेतला नाही. नवऱ्यानं घेतला म्हणून बायकोनं घ्यावा, हे त्यांना मान्य नव्हतं. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. जातिभेद देवानं केला की माणसानं, हा प्रश्न त्यांनी आधी स्वतःशी सोडवला आणि मगच स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. म्हणजे एकाच घरातसुद्धा श्रद्धा आपोआप उतरत नाही. ज्याची त्याला ती मिळवावी लागते.

पण मिळवायला हाताशी काहीतरी असावं लागतं. टिळकांनी ख्रिस्ताची गाणी अभंगात आणि ओवीत रचली. ज्ञानोबा-तुकोबांच्या चालीवर वाढलेल्या कानाला ती परकी वाटली नाहीत. त्यांनी 'ख्रिस्तायन' लिहायला घेतलं. १९१९ मध्ये ते गेले. पुढचा मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला, आणि त्यांच्यानंतर, १९३८ मध्ये, मुलगा देवदत्त यांनी ते काम तडीस नेलं. नातू अशोक देवदत्त टिळकांनी आजीची 'स्मृतिचित्रे' नव्यानं संपादित केली. तीन पिढ्या एकाच कामाला लागल्या, पण प्रत्येकानं आपली भर घातली.

आता आपल्या मुलांकडे पाहू. दिल्लीत वाढलेलं मूल मराठी वाचत नाही, अशी तक्रार आपण करतो. पण हिंदीमुळे त्याला देवनागरी येते! अडतं ते 'ळ'पाशी. 'बाळ' म्हणताना जीभ अडखळते, एवढंच. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांना ही सोयसुद्धा नसते.

म्हणून माझं सांगणं एवढंच. आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवा आणि 'उपासना संगीत' उघडून एक भजन म्हणा. अर्थ मुलांना विचारू द्या, शंकाही काढू द्या. आजी-आजोबा असतील तर त्यांचा बाप्तिस्मा कुठं झाला, घरात ही वाट पहिल्यांदा कोणी धरली आणि त्याची काय किंमत मोजली, ते वहीत लिहून ठेवा. हे सांगणारी माणसं कायमची नसतात.

मुलं पुढे काय मानतील, हे त्यांनी ठरवायचं आहे. आपण न सांगितल्यामुळे त्यांना ठरवायला काही उरलंच नाही, असं मात्र होऊ नये.