भिंतीपाशी नेणारा अभ्यासक्रम



हरित बांधकाम कसं शिकवावं यावरच्या परिषदेला उज्जैनसारखं गाव नाही. कर्कवृत्त इथून अगदी जवळून जातं. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात बांधलेल्या आणि 1923 मध्ये माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करून घेतलेल्या वेधशाळेत 21 जूनच्या दुपारी आजही लोक शंकुयंत्राभोवती जमतात. सूर्य जवळजवळ माथ्यावर येतो आणि शंकूची सावली दिसेनाशी होते.

ही नुसती गंमत नव्हे. हरित वास्तूचा पहिला धडा इथूनच सुरू होतो. मार्च आणि सप्टेंबरच्या संपाताला उज्जैनचा माध्यान्हसूर्य क्षितिजापासून सुमारे 67 अंशांवर असतो, 22 डिसेंबरला तो 43 अंशांपर्यंत उतरतो. दक्षिणेच्या दीड मीटर उंच खिडकीवर 65 सेंटीमीटरचा छज्जा काढला, तर उन्हाळाभर भर दुपारचं ऊन काचेवर पडत नाही. माळव्याच्या थंडीत मात्र खिडकीच्या खालच्या 88 सेंटीमीटरांतून ते घरात येतं. हाच हिशेब पुण्याला केला तर 50 सेंटीमीटरचा छज्जा पुरतो. पश्चिमेच्या भिंतीवर यातला कोणताच छज्जा कामाचा नाही. तिथे ऊन तिरपं येतं, म्हणून झाड हवं, जाळी हवी, नाहीतर उभे पडदे हवेत.

एकच व्याख्यान उज्जैनला आणि पुण्याला ऐकलं तरी उत्तरं वेगळी येतात, आणि दूरशिक्षणाची खरी कसोटी इथेच लागते.

आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेचा ऑनलाइन व्याख्यानांचा एनपीटीईएल प्रकल्प 2003 मध्ये सुरू झाला, ऑनलाइन अभ्यासक्रमांचा 'स्वयम्' मंच 2017 मध्ये. शाश्वत वास्तुकला, इमारतींमधली ऊर्जाबचत, नैसर्गिक प्रकाश या विषयांवरची आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं आज शाजापूरच्या किंवा यवतमाळच्या विद्यार्थ्याला घरबसल्या, विनाशुल्क ऐकता येतात. पूर्वी हे स्वप्नातही नव्हतं. 2021 च्या नियमांनी विद्यापीठांना एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंतचे श्रेयांक 'स्वयम्'मधून घेण्याची मुभाही दिली. या कामाबद्दल मनापासून कृतज्ञता हवी.

पण गुणांचा ताळेबंद पाहावा. एनपीटीईएलच्या प्रमाणपत्रात साधारणपणे 25 गुण साप्ताहिक स्वाध्यायांचे, 75 गुण केंद्रावरच्या परीक्षेचे. दोन्ही खुर्चीत बसून सुटतात. आपल्याच घराची पश्चिमेची भिंत दुपारी चार वाजता किती तापते, याची एकही नोंद न करता विद्यार्थी हरित बांधकामात उत्तम श्रेणी मिळवू शकतो. ही उणीव शिक्षकांच्या विद्वत्तेत नाही, मांडणीत आहे, म्हणून ती दुरुस्त होण्याजोगी आहे.

दूरशिक्षणाची मराठी परंपरा इथे उपयोगी पडेल. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 मध्ये स्थापन झालं. संस्थापक कुलगुरू राम ताकवले यांच्या काळात 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद घेऊन ते गावोगाव गेलं, पण घरी पुस्तक पोहोचवून थांबलं नाही. जवळच्या अभ्यासकेंद्रात प्रश्न विचारायला माणूस ठेवला. हरित बांधकामाच्या प्रत्येक ऑनलाइन अभ्यासक्रमाला असंच केंद्र हवं, आणि त्या केंद्राची प्रयोगशाळा म्हणजे ते गाव. उज्जैनच्या केंद्राला वेधशाळा आहे, क्षिप्राकाठचा पाण्याच्या कुंडांचा कालियादेह महाल आहे, शिंदेकाळापासूनचे मराठी वाडे आहेत. वाड्याच्या चौकात आणि शेजारच्या काँक्रीटच्या खोलीत तापमापक लावून आठवडाभराची नोंद ठेवली, की हवा कशी खेळते, दगडमातीची जाड भिंत उष्णता किती उशिरा आत सोडते, हे आकड्यांत दिसतं.

दुसरा मुद्दा त्याहून निकडीचा आहे. छज्जा किती काढायचा हे बहुतेक घरांत वास्तुविशारद ठरवत नाही. ते गवंडी ठरवतो, मुकादम ठरवतो, ठेकेदार ठरवतो. निवासी इमारतींसाठीच्या 2018 च्या 'इको निवास संहिते'त छपराच्या उष्णतावहनाची मर्यादा दर चौरस मीटरला, दर अंशामागे 1.2 वॅट आहे. उघडा आरसीसी स्लॅब तिच्या दुपटीहून अधिक उष्णता आत सोडतो. त्या गवंड्याला हा आकडा कोणी सांगितलेला नाही. स्लॅबवर उष्णतारोधक थर कसा घालायचा, वर पांढरा चायना मोझॅक का लावायचा, हे दहा मिनिटांच्या चित्रफितीत, त्याच्या बोलीत, हातात थापी घेतलेल्या माणसाने दाखवायला हवं. उज्जैनसाठी ती माळवीत असावी, जळगावसाठी अहिराणीत. इंग्रजी व्याख्यानाखाली मराठी ओळी दिल्याने हे काम होणार नाही.

2028 चा सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आहे. निवास, रस्ते, घाट यांची बांधकामं या शहरात होणार आहेत. या परिषदेने तोवर दोन गोष्टी पदरात पाडून घ्याव्यात. स्वाध्यायाच्या 25 गुणांपैकी किमान 10 गुण विद्यार्थ्याच्या गावातल्या प्रत्यक्ष मोजणीला मिळावेत, यासाठी अभ्यासक्रम आखणाऱ्या प्राध्यापकांकडे ठराव पाठवावा. आणि सिंहस्थाच्या कामांवरच्या गवंड्यांसाठी माळवीतली पहिली चित्रफीत इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मदतीने येत्या उन्हाळ्यातच तयार करावी, म्हणजे तापलेल्या स्लॅबवरच तिचं चित्रीकरण होईल.