पावती आणि पॉलिसी

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्याच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून थोडा नीटनेटका करून दिला आहे.)



आज मला 'मोटार विमा : घ्यावयाची काळजी' हा विषय दिला आहे. खाली फलकावर माझ्या नावापुढे 'तज्ज्ञ मार्गदर्शक' असं लिहिलंय. ते कृपा करून पुसून टाकावं. मी तज्ज्ञ नाही, मी फसलेला माणूस आहे. बँकेत ३६ वर्षं नोकरी केली. 'सही करण्याआधी वाचा' हे वाक्य किती खातेदारांना ऐकवलं असेल याची मोजदाद नाही. आणि स्वतःच्या गाडीची पॉलिसी मी पहिल्यांदा वाचली ती गाडीवर झाड पडल्यानंतर!

२०२२ च्या दसऱ्याला आम्ही नवीन गाडी घेतली, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. पेढे मीच वाटले होते. आणि पेढ्याबरोबर प्रत्येकाला एक गोष्टही ऐकवली होती, की शेवटच्या क्षणी मी शोरूमच्या मॅनेजरकडून साडेसात हजारांची जादा सूट कशी काढली. 'बँकवाल्याशी गाठ आहे' वगैरे. ही सूट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

गाडी विकणारा मुलगा पंचवीस-सव्वीसचा, बोलायला अदबशीर. त्याने छापील कोटेशन दिलं. त्यात गाडीची किंमत, आरटीओ, ॲक्सेसरीज आणि विम्यासाठी एकच ओळ : 'इन्शुरन्स, झिरो डेप व कंझ्युमेबल्ससह, रु. ४१,३००'. मी शोरूमच्या नावाने चेक दिला, शिक्क्याची पावती घेतली आणि घरी आलो. चार दिवसांनी पॉलिसी व्हॉट्सॲपवर आली. वर माझं नाव बरोबर, गाडीचा नंबर बरोबर. तेवढं पाहिलं, एक प्रिंट काढून गाडीच्या कप्प्यात ठेवली. झालं.

पुढच्या जुलैत, पावसाच्या एका रात्री, आपल्या गेटजवळच्या गुलमोहराची फांदी मोडली. सोसायटी झाली तेव्हा पहिल्या कमिटीने लावलेलं झाड. खाली नेमकी माझी गाडी. काच फुटली, बॉनेट चेपलं, बंपर आणि एक हेडलाइट गेला. माणसाला काही झालं नाही, हे महत्त्वाचं. मी तर सकाळी सगळ्यांना सांगत होतो, 'काळजी नको, झिरो डेप आहे.'

आता झिरो डेप म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी दोन मिनिटं. साधी सर्वसमावेशक पॉलिसी असली तरी विमा कंपनी नव्या सुट्या भागाची पूर्ण किंमत देत नाही, घसारा कापते. प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर थेट ५० टक्के, गाडी काल घेतलेली असली तरी. फायबरग्लासवर ३० टक्के. पत्र्याच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे : पहिले सहा महिने काही नाही, वर्षापर्यंत ५ टक्के, दोन वर्षांपर्यंत १०, असं वाढत जातं. काचेवर घसारा नाही. झिरो डेप म्हणजे थोडा जादा प्रीमियम भरून ही कपात टाळायची. नट-बोल्ट, क्लिपा, ऑइल असल्या किरकोळ खर्चासाठी कंझ्युमेबल्सचं कव्हर वेगळं. यांनाच ॲड-ऑन म्हणतात. आजकालच्या गाडीत पुढचा सगळा भाग प्लॅस्टिकचा, त्यामुळे ही जादा कव्हरं नसतील तर खिशाला मोठी चाट बसते.

तिसऱ्या दिवशी वर्कशॉपमधून फोन आला. 'सर, तुमच्या पॉलिसीत झिरो डेप दिसत नाहीये.'

मी म्हटलं, नीट बघा. तो म्हणाला, सर, सर्व्हेअरनेच सांगितलं. मी खाली जाऊन गाडीच्या कप्प्यातून प्रिंट काढायला निघालो, मग आठवलं, गाडी तर वर्कशॉपमध्येच आहे. फोनवर पॉलिसी उघडली. आमच्या सौ. चष्मा घेऊन शेजारी बसल्या. दुसऱ्या पानावर प्रीमियमचा तक्ता होता. स्वतःच्या गाडीचं नुकसान, तृतीय पक्ष तीन वर्षांचा, मालक-चालकाचा अपघात विमा, जीएसटी. ॲड-ऑनच्या रकान्यात काहीच नाही. एकूण प्रीमियम रु. ३३,८६६. सौ. एवढंच म्हणाल्या, 'अहो, पासबुकात चार आण्यांचा फरक आला तर तुम्ही बँकेत जायचात ना?'

४१,३०० वजा ३३,८६६ म्हणजे ७,४३४ रुपये. मी दिले होते, पण विमा कंपनीकडे पोचलेच नव्हते.

दुरुस्तीचा हिशेब तुमच्यापुढे ठेवतो, कारण आकड्यांशिवाय हा विषय कळत नाही. एकूण बिल ९६,४००. त्यात प्लॅस्टिकचे भाग ३१,०००, त्यावर कपात १५,५००. पत्र्याचे भाग १८,०००, गाडी नऊ महिन्यांची म्हणून ५ टक्के, म्हणजे ९००. रंगकाम २४,०००, रंगकामाच्या एकत्रित बिलात पाव हिस्सा मटेरिअलचा धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात, म्हणजे ३,०००. काच ९,५०० आणि मजुरी ११,५००, ही पूर्ण मिळाली. किरकोळ साहित्य २,४००, सगळं माझ्यावर. शिवाय प्रत्येक क्लेममध्ये आपल्याला भरावेच लागणारे १,०००. एकूण माझ्या खिशातून २२,८००. ॲड-ऑन असती तर फक्त ते १,००० गेले असते. नुकसान २१,८०० रुपये.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. शोरूम म्हणे, पॉलिसी कंपनी देते, कंपनीशी बोला. कंपनी म्हणे, आमच्याकडे ॲड-ऑनचा प्रीमियम आलाच नाही. कंपनीचं म्हणणं कायद्याला धरून होतं, हे मला ठाऊक होतं. विमा कायदा १९३८, कलम ६४ व्हीबी : प्रीमियम आधी हातात आल्याशिवाय कंपनी जोखीम घेऊ शकत नाही. पण नाण्याला दुसरी बाजू आहे. शोरूमवाले विमा विकतात ते विमा नियामकाच्या, म्हणजे आयआरडीएआयच्या नियमांखाली. 'मोटार इन्शुरन्स सर्व्हिस प्रोव्हायडर'च्या मार्गदर्शक सूचना नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहेत. त्यांप्रमाणे असा विक्रेता ज्या विमा कंपनीने नेमलाय, तिला त्याच्या वागण्याची जबाबदारी झटकता येत नाही. म्हणून मी दोघांनाही एकाच दिवशी पत्र लिहिलं. शोरूमला एक, कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला एक. सोबत पाच कागद : कोटेशन, पावती, चेक वटल्याची खात्यातली नोंद, पॉलिसी आणि दुरुस्तीचं बिल. शोरूमचं पत्र हातोहात दिलं, पोच घेतली.

पंधरा दिवसांनी शोरूमने सांगितलं, ७,४३४ परत देतो. मी म्हटलं, साहेब, छत्रीचे पैसे घेतले आणि छत्री दिली नाही, मी भिजून आजारी पडलो, आता छत्रीचे पैसे परत देऊन कसं चालेल? माझं नुकसान २१,८०० चं आहे.

महिन्याने मला बोलावलं. मॅनेजरसाहेब चहा मागवून म्हणाले, पूर्ण रक्कम देतो, फक्त एका कागदावर सही करा. कागद तयारच होता. त्यात लिहिलं होतं की विक्री प्रतिनिधीने माझ्याकडून विम्याची जादा रक्कम परस्पर घेतली, शोरूमचा त्यात संबंध नाही. खाली त्या मुलाचं नाव.

मी दोनदा वाचला. चेक शोरूमच्या नावाचा, पावती शोरूमच्या शिक्क्याची, पैसे शोरूमच्या खात्यात. त्या मुलाच्या हाताला एक रुपया लागलेला नव्हता. सही केली असती तर माझं काम त्याच क्षणी होत होतं. खरं सांगतो, क्षणभर पेन हातात घेतलंही होतं. महिनाभर खेपा घालून मी कंटाळलो होतो. पण शाखेत रोकड कमी आली की सगळ्यांचे डोळे आधी नव्या कॅशियरकडे वळतात, हे मी पाहिलेलं आहे. एकदा मीही वळवले होते. पैसे दोन दिवसांनी दुसऱ्याच पाकिटात सापडले, पण त्या मुलाने पुढे कधी माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाही. ते आठवलं. पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, जे घडलं नाही त्यावर मी सही करणार नाही.

बाहेर पार्किंगमध्ये तो मुलगा भेटला. त्याला कागदाचं कळलं होतं. म्हणाला, 'काका, त्या दिवशी तुम्ही साडेसात हजार कमी करायला लावले ना, त्यानंतर फाइल आत गेली. बाहेर आली तेव्हा पॉलिसी बेसिक झाली होती. मला बोलायची सोय नव्हती.'

साडेसात हजार, आणि ७,४३४. मंडळी, मी हा आरोप म्हणून सांगत नाही, कारण मुलाच्या शब्दापलीकडे माझ्याकडे कागद नाही आणि पत्रातही मी ते लिहिलं नाही. पण ज्या सुटीच्या आनंदात मी सोसायटीभर पेढे वाटले, ती सूट बहुधा माझ्याच खिशातून काढून मला दिली होती. घासाघीस करावी, जरूर करावी. पण सूट मिळाली की ती कुठल्या ओळीतून आली, हे त्याच टेबलावर विचारावं. मी ते विचारलं नाही, ही माझी चूक.

त्यानंतर मी शोरूमला शेवटचं पत्र दिलं : पंधरा दिवसांत निकाल न लागल्यास जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. हे मार्ग सगळ्यांनी लिहून घ्या. विमा कंपनीविरुद्ध तक्रार असेल तर आधी कंपनीला लेखी कळवायचं. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. त्यांचं कार्यालय पुण्यातही आहे, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीने नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत जायचं. शोरूमविरुद्ध मात्र ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. त्याआधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५.

बाराव्या दिवशी २१,८०० चा चेक आला. सोबत दोन ओळींचं पत्र, 'तांत्रिक चुकीमुळे'. कोणाचंही नाव नाही. मी तेवढ्यावर थांबलो. पुढे सर्व्हिसिंगला गेलो तेव्हा तो मुलगा तिथे नव्हता. कोणी म्हणालं सोडून गेला, कोणी म्हणालं काढला. माझे पैसे मिळाले, पण हा हिशेब काही जुळला नाही.

त्याच महिन्यात मी आपल्या बोर्डावर सूचना लावली होती, 'रविवारी सकाळी आपापली पॉलिसी घेऊन सोसायटी ऑफिसात यावे'. सतरा जण आले. बी विंगमधल्या एका ताईंचे यजमान गेल्यावर गाडी त्याच चालवतात. नूतनीकरण करताना स्वस्त पडलं म्हणून झिरो डेप निघून गेलं होतं, ते त्यांना माहीतच नव्हतं. मुदत संपायला वीस दिवस होते, त्यामुळे पुढच्या पॉलिसीत घालून घेता आलं. मुदतीच्या मध्येच घालून मिळेल या भरवशावर राहू नका.

बँकेच्या भाषेत सांगायचं तर शोरूमची पावती म्हणजे व्हाउचर, आणि पॉलिसी म्हणजे लेजर. लेजरमध्ये नोंद नाही तर व्हाउचर कितीही सुंदर असो, रक्कम जमा नाही. म्हणून चार गोष्टी करा. कोटेशनवर प्रत्येक ॲड-ऑनचं नाव आणि रक्कम वेगवेगळी लिहून घ्या. विमा शोरूमकडूनच घेतला पाहिजे अशी सक्ती नाही, बाहेरचा दरही विचारा. पॉलिसी येईल त्याच दिवशी प्रीमियमचा तक्ता उघडून पावतीशी ताळा करा. आणि फरक दिसला तर त्याच दिवशी लेखी कळवा, फोनवर नको. मला हे दहा मिनिटांत करता आलं असतं. मी नऊ महिने थांबलो.

गुलमोहर, तुम्ही पाहताच आहात, छाटणीनंतर पुन्हा चांगला फुटला आहे. मी गाडी आता कुंपणाच्या बाजूला लावतो. आज घरी गेल्यावर जेवणाआधी सगळ्यांनी आपली पॉलिसी काढावी आणि दुसरं पान वाचावं. ज्यांना अक्षर बारीक वाटेल त्यांनी माझ्याकडे यावं, आमच्या सौ.चा चष्मा चांगला आहे.