शाळेतील लॅपटॉपचा मंदपणा : परीक्षा व उपाय

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आज मला ज्या विषयावर बोलावयाचे आहे तो अध्यापनशास्त्रातील नव्हे. तथापि गेल्या काही महिन्यांतील शाळाभेटींत ज्या एका वस्तूविषयी मजकडे सर्वाधिक तक्रारी आल्या, ती वस्तू म्हणजे शाळेतील लॅपटॉप. “साहेब, यंत्र सुरू होते, परंतु कोणतेही काम उघडलेले नसताना पंखा घरघरतो, तळ तापतो आणि कळ दाबली तरी अक्षर उमटावयास वेळ लागतो,” अशी ती तक्रार असते. पुढचे वाक्यही ठरलेले : “बिघडला आहे, तालुक्याला दाखवावयास हवा.”

तालुक्याला दाखविल्याने काय घडले, ते एका शाळेचे सांगतो. दुकानदाराने यंत्र न तपासता त्यातील सर्व काही पुसले आणि नव्याने भरून दिले. त्यासरशी तीन वर्षांची निकालपत्रके गेली. आणि मुलांनी गावातील आजीबाईंच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवलेल्या जात्यावरच्या ओव्याही गेल्या. निकालपत्रके कागदावरून पुन्हा करता आली. ओव्या सांगणाऱ्या आजीबाईंपैकी दोघी आता हयात नाहीत. एवढे होऊनही यंत्र काही दिवसांत पूर्ववत मंद झाले, कारण ते मंद का होते हे कोणी पाहिलेच नव्हते.

म्हणून आज एवढेच शिकावयाचे आहे की, यंत्रास बिघडलेले ठरविण्यापूर्वी ते त्या क्षणी कोणत्या कामात गुंतले आहे हे पाहावे. मंद दिसणाऱ्या मुलाविषयी आपण हाच नियम पाळतो. त्याला कमी दिसते काय, तो उपाशी आला आहे काय, हे आधी पाहतो.

लॅपटॉपमधील प्रोसेसर हा हिशेब करणारा भाग. आपण पडद्यावर एखादा कागद टंकलिखित करीत असतो, तेव्हा पडद्यामागे दुसरी शेकडो लहानमोठी कामे त्याच प्रोसेसरकडून चाललेली असतात. त्यांतील एखादे काम त्याची सारी शक्ती खाऊ लागले, म्हणजे आपल्या वाट्यास फारसे काही उरत नाही. पंखा घरघरतो तो त्यामुळेच. जास्त काम, जास्त उष्णता.

हे पाहावयाचे साधन यंत्रातच आहे, विकत आणावयाचे नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबाव्यात. ‘टास्क मॅनेजर’ नावाची चौकट उघडते. ती लहान उघडली तर ‘मोअर डिटेल्स’ या शब्दांवर टिचकी द्यावी. ‘प्रोसेसेस’ या पानावर ‘सी.पी.यू.’ असा रकाना असतो. त्याच्या शीर्षावर टिचकी मारली की सर्वाधिक शक्ती घेणारे काम सर्वांत वर येते. शीर्षावरील टक्केवारी ही एकूण खर्चाची. यंत्र स्वस्थ असता ती बहुधा एक अंकी असावी. मात्र सुरू केल्याबरोबर आकडा वर जाणे स्वाभाविक आहे. दहा-पंधरा मिनिटे थांबूनच निर्णय करावा. आकडे क्षणोक्षणी बदलतात, म्हणून एकदा पाहून न थांबता पाच मिनिटांच्या अंतराने दोन-तीनदा पाहावे आणि वर असणारे नाव वहीत टिपून घ्यावे.

एका नावाने कित्येकांची फसगत होते. ‘डिटेल्स’ या पानावर ‘सिस्टीम आयडल प्रोसेस’ हे नाव नव्वदच्या वर आकडा दाखविते. तो खर्च नव्हे, ती शिल्लक होय. आकडा मोठा तितका प्रोसेसर रिकामा.

आता आपल्या शाळांत वर येणारे नाव बहुतेक वेळा कोणते असते ते सांगतो. ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर’, ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ आणि ‘सर्च इंडेक्सर’ ही ती तीन. पहिला यंत्रप्रणालीच्या सुधारणा बसवितो, दुसरा फायलींत विषाणू आहेत काय ते तपासतो, तिसरा फायलींची सूची करतो. तिघेही घरचेच नोकर आहेत, चोर नव्हेत. मग ते एवढा गोंधळ का करतात? कारण आपला लॅपटॉप कपाटात असतो. यू-डायस प्लसची माहिती भरावयाची झाली किंवा शालार्थचे काम निघाले की तो महिन्यातून एकदा बाहेर निघतो. महिनाभर तुंबलेली सारी कामे त्याच घटकेला, आपल्या कामाबरोबरच, सुरू होतात. आपण वैतागतो आणि बटण दाबून धरून यंत्र सक्तीने बंद करतो. सुधारणा अर्धवट राहते. पुढील महिन्यात ती पुन्हा आरंभापासून सुरू होते. असे वर्षभर चालले म्हणजे यंत्र ‘बिघडले’ ही आपली खात्री पटते!

गेल्या पावसाळ्यात एका दोनशिक्षकी शाळेत असेच यंत्र पुढे आले. टक्केवारी शंभर, वर पहिल्या नोकराचे नाव. बाईंना म्हटले, आज याला कामास लावू नका, चार्जर जोडून व मोबाइलचे नेट देऊन बाजूच्या टेबलावर ठेवून द्या. दुपारच्या सुट्टीपर्यंत आकडा उतरला नाही. सुट्टीनंतर यंत्राने ‘रीस्टार्ट’ मागितले, ते दिले. चार वाजता पुन्हा मागितले, तेही दिले. शाळा सुटण्याच्या वेळी आकडा चारवर आला होता आणि पंख्याचा आवाज थांबला होता. कोणताही पैसा खर्च झाला नाही. मोबाइलचे नेट मात्र त्या दिवसापुरते संपले, हे कबूल केले पाहिजे.

यास्तव माझी सूचना अशी की, आठवड्यातून एक दिवस, शनिवार सोयीचा पडेल, लॅपटॉप चार्जर लावून व नेट देऊन दोन-तीन तास नुसता उघडा ठेवावा. चार्जरवर भर देतो, कारण देखभालीची स्वयंचलित कामे यंत्र विजेवर आणि रिकामे असतानाच करावयाची, अशीच त्यात योजना आहे. मोबाइलच्या नेटला ‘मीटर्ड’ अशी खूण केलेली असेल तर बहुतेक सुधारणा उतरतच नाहीत. त्या दिवशी ती खूण काढावी आणि एरवी ठेवावी.

‘शट डाऊन’ आणि ‘रीस्टार्ट’ यांतील भेदही ध्यानात असू द्यावा. लवकर सुरू होण्याच्या सोयीसाठी आजचे बहुतेक लॅपटॉप ‘शट डाऊन’च्या वेळी प्रणालीचा गाभा पूर्णपणे न मिटता जपून ठेवतात. त्यामुळे रोज बंद केलेले यंत्रही वस्तुतः कित्येक दिवस अखंड चाललेले असू शकते. ‘परफॉर्मन्स’ या पानावर ‘अप टाइम’पुढे तो काळ दिसतो. मंद यंत्रास प्रथम ‘रीस्टार्ट’ द्यावे. अर्ध्या तक्रारी तेथेच मिटतात असे मला दिसून आले आहे.

वर ब्राउझरचे नाव आले तर कारण निराळे. आपण वीस पाने उघडून ठेवतो, त्यांतील एखादे जाहिरातींनी भरलेले असते. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबल्यास कोणते पान किती खाते तेही दिसते. शिवाय खिडकी मिटल्यावरही क्रोम पडद्यामागे चालू राहू शकतो. त्याच्या सेटिंगमधील ‘सिस्टीम’ या भागात ती मुभा काढून घेता येते. यंत्र सुरू होताच आपोआप उठणारे कार्यक्रम ‘स्टार्टअप’च्या पानावर सापडतात, जे ओळखीचे व अनावश्यक असतील तेवढेच ‘डिसेबल’ करावेत.

अनोळखी नाव वर दिसले, किंवा टास्क मॅनेजर उघडताच पंखा शांत होऊन तो मिटताच पुन्हा घरघरू लागला, तर संशयास जागा आहे. दुसऱ्याच्या नाण्यांचे गणित आपल्या प्रोसेसरकडून करवून घेणारे चोरटे कार्यक्रम असतात आणि गावोगाव फिरणारा पेन ड्राइव्ह हे त्यांचे एक वाहन आहे. ‘विंडोज सिक्युरिटी’मधून पूर्ण तपासणी करावी. एकाच यंत्रावर दोन-दोन विषाणुरोधक मात्र बसवू नयेत; ते एकमेकांच्या मागे लागतात. ‘यंत्र वेगवान करून देतो’ म्हणणारे फुकट कार्यक्रम तर घेऊच नयेत.

‘एंड टास्क’ हे बटण शेवटी वापरावे. ज्या कामावर ते दाबाल त्यातील न जपलेला मजकूर जाईल, आणि प्रणालीच्या स्वतःच्या कामांवर दाबल्यास यंत्र मध्येच बंद पडण्याचा संभव असतो.

‘सिस्टीम इंटरप्ट्स’ हे नाव सतत वर राहिले तर दोष बहुधा एखाद्या जोडलेल्या उपकरणात किंवा त्याच्या ड्रायव्हरमध्ये असतो. एकेक उपकरण काढून पाहावे. सी.पी.यू. कमी आणि ‘डिस्क’चा रकाना शंभरावर असेल तर मंदपणाचे मूळ प्रोसेसरमध्ये नाही, जुनी फिरती डिस्क थकलेली असावी. आणि खडूची भुकटी! आपल्या वर्गात ती पंख्याच्या जाळीत बसतेच. उष्णता बाहेर पडली नाही की प्रोसेसर स्वरक्षणार्थ आपला वेग स्वतःच कमी करतो. लॅपटॉप सतरंजीवर अथवा टेबलक्लॉथवर ठेवू नये, खालची जाळी मोकळी असावी.

हे सारे करूनही यंत्र ताळ्यावर आले नाही तर ते दुरुस्तीस अवश्य द्यावे. परंतु आधी सर्व फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात आणि दुकानदारास ‘परवानगीवाचून काही पुसू नये’ असे लेखी द्यावे. ज्या शाळांचे यंत्र अद्याप विंडोज १० वर आहे, त्यांनी हेही जाणावे की त्या आवृत्तीचे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे. पुढील व्यवस्थेविषयी मुख्याध्यापकांनी केंद्रप्रमुखांशी बोलावे.

पुढील शिक्षण परिषदेस प्रत्येक शाळेने आपला लॅपटॉप, चार्जर आणि वहीतील ती टिपलेली नावे घेऊन यावे. सभागृहात वीज जोडण्याच्या जागा चारच आहेत, म्हणून ज्यांच्याकडे विजेची एक्स्टेन्शन बोर्डे असतील त्यांनी तीही आणावीत.