मखरातले पळते दिवे

(मंडळाच्या पालक सभेतील भाषण)



डिप्लोमाला असताना आम्ही मित्र गणपतीच्या मखराचे पळते दिवे स्वतः करत असू. ५५५ नंबरची आयसी ठोके द्यायची, ४०१७ ते मोजून दहा दिव्यांना आळीपाळीने पेटवायची. बोटे भाजायची, एखादी आयसी जळायची, पण दिवा का पळतो ते कळायचे. आता दुर्गदबैलातून तयार माळ आणतो आणि प्लग लावतो.

म्हणून यंदाच्या सुटीत आम्ही मुलांसाठी संगणकावरचा खेळ काढला. 'मोबाइल कमी होता का?' असे काही पालक म्हणाले. पण हा प्रकार जुना आहे. १९८२ साली अमेरिकेत वॉरन रॉबिनेट आणि लेस्ली ग्रिम यांनी 'रॉकीज बूट्स' केला. त्यात 'अँड', 'ऑर', 'नॉट' ही गेटे जोडायची, आणि ठरलेल्या आकृतीलाच बुटाची लाथ बसेल असे यंत्र करायचे. वीज कुठवर पोचली ते नारिंगी रंगाने दिसे. आम्ही घेतला तो फ्रान्समधला 'जीकाँप्री'. नावाचा उच्चार फ्रेंचमध्ये 'मला समजले' असा ऐकू येतो. फुकट मिळतो, जुन्या संगणकावर चालतो.

आम्ही 'आणि, किंवा, नाही' म्हणालो, तर कन्नड माध्यमातल्या एकीने 'मत्तु, अथवा, अल्ल' सुरू केले. 'अथवा' दोन्हीकडचा निघाला!

मग जिन्याचा दिवा करायला सांगितला. खाली एक बटण, वर एक; कुठूनही लागावा, कुठूनही विझावा. (घरच्या जिन्यात टू-वे स्विचवर भागते, तिथे गेटे नसतात.) सातवीतल्या एकाने 'किंवा' लावले. दिवा लागला, टाळ्या पडल्या. त्याची आजी शेजारी बसली होती. ती म्हणाली, "अरे, मी खालून लावून वर आले. आता विझवू कशी?"

त्याने वरचे बटण दाबून पाहिले. दिवा तसाच. आम्हाला उत्तर जिभेवर आले होते, पण गप्प बसलो. आमच्या शाळेत उत्तर फळ्यावरून उतरवून घ्यायची पद्धत होती, त्यामुळे ते फार जड गेले. पाऊण तासाने तो ओरडला, "हे किंवा ते, पण दोन्ही मिळून नाही!" चार गेटांत काम झाले.

पडद्यावर बोट भाजत नाही, ही उणीव आहेच. म्हणून नंतर त्याच मुलांच्या हाती सोल्डरिंगची इस्त्री दिली. यंदाच्या मखरात ५५५ आणि ४०१७ पुन्हा बसल्या आहेत. सातवा दिवा अधूनमधून चुकतो. मोठ्यांपैकी कोणी तो दुरुस्त करू नये, एवढी विनंती.